लीप वर्ष विसरलात

सेतुमाधवरावांना तुमचं नाव नको असतं. गाव, नोकरी, पगार, काही नको. माणूस समोर आला की ते चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "जन्मतारीख?" तुम्ही बेसावधपणे सांगून मोकळे होता. मग राव डोळे मिटतात, उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून दोनदा फिरतो, आणि तुमचं सगळं आयुष्य एका आकड्यात गोळा होऊन तुमच्या पुढ्यात येतं.

माझं आलं ते नऊ हजार पाचशे बत्तीस.

दोन हजार दोन सालच्या जुलैतला पहिला रविवार होता. मी सांगलीकडून तमिळ मुलखात, श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात नोकरीला आलो होतो आणि नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली होती. गादी जिन्यात अडकली. आजूबाजूला कुणाला कळणार आहे, म्हणून मी मराठीत एक सणसणीत शिवी हासडली. खालच्या मजल्याचं दार उघडलं, आणि पांढरी वेष्टी नेसलेल्या, साठी ओलांडलेल्या एका काटकुळ्या गृहस्थांनी मराठीतच विचारलं, "कोण, आपले काय?"

मराठी तंजावरचं होतं. पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि त्यांच्याबरोबर आलेली भाषा तिथेच थांबली. वर तमिळचा हेल. ऐकताना वाटायचं, एखाद्या जुन्या कागदातला कारकून उठून बोलायला लागला आहे. ते मला 'मानेराव' म्हणाले. माझ्या आडनावाला 'राव' जोडणारा माझ्या हयातीतला हा पहिलाच माणूस. मी खूश झालो, आणि त्याच क्षणी तो प्रश्न आला.

आता आमच्याकडे पंचविशीतल्या पोराला कुणी जन्मतारीख विचारली, तर विचारणाऱ्याच्या घरात भाची असते. आत्याने दाखवलेल्या तीन फोटोंना चुकवूनच मी इतक्या लांब आलो होतो. तेव्हा जिभेवर तयार असलेली तारीख मी फेकून दिली: एक जून शहात्तर. ही तारीख काही माझं संशोधन नव्हे. आमच्या शाळेत अर्धा वर्ग एक जूनला जन्मलेला होता, कारण आयांना तारीख आठवायची नाही आणि हेडमास्तरांना दाखला भरायचा असायचा. माझ्या आईला मात्र माझी तारीख नीट ठाऊक होती, आणि मलाही.

पत्रिका जुळवायला ही तारीख घेऊन बसा म्हणावं, असं मनात म्हणत मी गादी ढकलत होतो. राव काही पत्रिकेकडे वळले नाहीत. नऊ हजार पाचशे बत्तीस दिवस, म्हणाले, त्यात आजचा धरून तेराशे बासष्ट रविवार. एक तृतीयांश झोपेत गेले, म्हणजे तीन हजार एकशे सत्त्याहत्तर. मग त्यांनी गादीचं दुसरं टोक धरलं आणि ती वर नेऊन टाकली.

राव एका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. तिथे चौतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: वयाचे दाखले तपासणं. विमा उतरवणारा माणूस वय चोरतो आणि त्याला पकडायचं असतं, एवढ्या एका सूत्रावर त्यांची नोकरी उभी होती. निवृत्तीनंतर टेबल गेलं, सवय राहिली. दूधवाला, पोस्टमन, कोपऱ्यावरचा फुलवाला, सगळ्यांचे आकडे त्यांच्या डोक्यात होते, आणि ते रोज एकाने वाढवले जायचे. गल्लीतल्या बोअरवेलच्या मोटारीचासुद्धा होता. कुणी हौसेने कॅल्क्युलेटर घेऊन स्वतःचे दिवस मोजले आणि रावांना सांगितले, की ते क्षणभर ऐकून घेत आणि अत्यंत दुःखाने म्हणत, "लीप वर्ष विसरलात." आणि तो खरंच विसरलेला असे.

आकड्यापुढे त्यांना भीडभाड नव्हती. आमच्या घरमालकीण मामींनी पन्नाशी झाली म्हणून पूजा घातली, सगळ्या बिऱ्हाडांना केसरीचा, म्हणजे आपल्या शिऱ्याचा, प्रसाद वाटला. रावांनी प्रसाद डोळ्यांना लावून खाल्ला, आणि भरल्या घरात अभिनंदन केलं: वीस हजार शंभर दिवस, पंचावन्न पुरी झाली. मामींचा पॉलिसीचा फॉर्म कधीकाळी त्यांच्या टेबलावरून गेला होता. पुढचे तीन महिने रावांची बादली नळाखाली ठेवण्याच्या वेळेलाच नेमकी मामींची मोटार बंद पडत असे. मी रावांना म्हटलं, पन्नास म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? ते बादली घेऊन पाण्याच्या लॉरीच्या रांगेत उभे होते. म्हणाले, "पाणी लॉरीचें आणतां येतें, मानेराव. चुकलेला आकडा परत आणतां येत नाही."

एकदाच मी त्यांना अडलेलं पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी मुरुगन इस्त्रीवाला बसतो. त्याला तारीख विचारली तर त्याने हात उडवले. मोठं वादळ आलं होतं त्याच्या अलीकडे की पलीकडे, हेही आईला आठवत नव्हतं म्हणे. मी रावांना डिवचलं की अंदाजे काढा की. ज्याला तारीख नाही त्याला मोजू नये, राव म्हणाले, आणि हातातली स्वतःची कॉफी त्यांनी मुरुगनला दिली. मला वाटलं, गणित जमलं नाही म्हणून विषय बदलला.

माझी मात्र सुटका नव्हती. कंपनीची बस सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मोठ्या रस्त्यावर येई. मी पावणेसहाला... नाही, खोटं कशाला, सहा वाजून पाच मिनिटांनी धडपडत जिना उतरे, तर राव फाटकाशी उभे. 'सुप्रभात' वगैरे नाही. नुसता आकडा. "नऊ हजार सहाशे चार." मी मान हलवून पळे. माझ्याकडून फक्त मान हलायची, हे आज लिहिताना कान तापतात.

मग दहा हजारावा दिवस आला. माझ्या खोट्या तारखेचा, अर्थात. ऑक्टोबरातला शनिवार होता. राव फाटकाशी नव्हते म्हणून मी सुटल्यासारखा बसमध्ये जाऊन बसलो, तर बस निघता निघता राव हात करत चढले. कपाळाला कुंकू, हातात मैसूरपाकाचा डबा. पहाटे देवळात जाऊन माझ्या नावाने अर्चना करून आले होते, एक जूनच्या नक्षत्रावर. त्यांनी मधल्या वाटेत उभं राहून तमिळमध्ये छोटंसं भाषण केलं, की हा तरुण आज दहा हजार दिवसांचा झाला, याने रोज वेळेवर बस पकडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरने दोन वड्या घेतल्या. राव पुढच्या सिग्नलला उतरून चालत परत गेले. त्या दिवसापासून माझ्या शेजारी बसणारा सेल्वम मला 'दहा हजार' म्हणायला लागला.

खरं सांगायची वेळ ती होती. पण तोंडात मैसूरपाक असताना कसं सांगणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. पुढे तोंड रिकामं झालं तरी सांगितलं नाही.

जानेवारीत आई तीन आठवड्यांसाठी आली. मी दिवसभर कारखान्यात, तेव्हा ती खाली रावांच्या ओट्यावर शेंगा सोलत बसे. तिचं सांगलीचं आणि त्यांचं तंजावरचं, दोघांचं काय जमायचं देव जाणे, पण जमायचं. आई गेली तेव्हा राव स्टेशनवर आले आणि तिच्या पाया पडले. आई त्यांच्याहून लहान आहे हे त्यांना दिवसांनिशी ठाऊक असणार, तरी पडले.

त्या एप्रिलमध्ये, एका साध्या मंगळवारी, मी कामावरून आलो तर राव पितळी पातेलं घेऊन जिन्यात बसलेले. पायसम केलं होतं. आज काय विशेष, म्हटलं. ते म्हणाले, कांही नाही, आज बरें वाटतें. मी दमलेलो होतो, उभ्या उभ्याच दोन वाट्या प्यायलो आणि दार लावून घेतलं. पातेलं दुसऱ्या दिवशी न धुता परत केलं.

आता जे सांगायचं आहे ते टाळण्यासाठीच मी इतका वेळ मैसूरपाक आणि पायसम वाढत होतो. पाचव्या वर्षाची गोष्ट. आमच्यासारख्या नोकरीसाठी आलेल्या मराठी लोकांचं एक लहानसं मंडळ आहे. गणपतीत आठव्या दिवशी, रविवारी, करमणुकीचा कार्यक्रम असतो आणि त्याचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. चुरचुरीत बोलणारा अशी माझी ख्याती होती, म्हणजे ती मीच पसरवली होती. कार्यक्रमात एक आयटम कमी पडत होता. मी रावांना नेलं.

त्यांना इतका आनंद झाला की ते दोन दिवस आधीपासून तयारी करत होते. मुरुगनकडून वेष्टी कडक करून घेतली, ऑफिसातला जुना कोट काढला. स्टेजवर खुर्चीत ताठ बसले. लोक तारखा ओरडत होते, राव डोळे मिटून आकडे देत होते, पुढच्या रांगेतले मोबाइलवर पडताळत होते आणि टाळ्या पडत होत्या. एकाचा आकडा जुळेना. राव हळूच म्हणाले, लीप वर्ष विसरलात, आणि हॉल हसला. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी बरा माणूस राहिलो असतो. पण टाळ्या त्यांना पडत होत्या आणि माइक माझ्या हातात होता. मी म्हटलं, राव, आता माझे सांगा.

राव माझ्याकडे बघत राहिले. इतरांना लागला नव्हता तेवढा वेळ लागला. मग म्हणाले, "अकरा हजार एक्कावन्न."

आणि मी गंमत फोडली. मंडळी, म्हटलं, हे गृहस्थ चार वर्षं रोज सकाळी मला माझा आकडा सांगतात, आणि एकही दिवस तो बरोबर नव्हता. माझा जन्म एक जूनचा नाहीच मुळी. पहिल्या दिवशी यांना टाळायला ठोकून दिलं होतं. हॉल कोसळला. मागून कुणी ओरडलं, कॉम्प्युटर हँग झाला. पोटं धरून हसत होते लोक, आणि मी त्या हशात उभा राहून अंगावर ऊन घ्यावं तसा तो घेत होतो.

राव उठले. त्यांनी माइक मागितला नाही, पण हॉल शांत झाल्यामुळे ऐकू आलं. "चूक माझी आहे. दाखला मागायला पाहिजे होता." सगळ्यांना नमस्कार केला आणि कोट काढून हातावर घेत खाली उतरले.

सोमवारी सकाळी फाटकाशी कुणी नव्हतं. मंगळवारीही नाही. दूधवाल्याने मला सांगितलं की आता पेरियवर, म्हणजे आमचे थोरले, आकडा सांगत नाहीत, नुसतं दूध घेतात. पोस्टमननेही विचारलं, तब्येत बरी नाही का. बसमध्ये सेल्वमने सवयीने विचारलं, आज किती? मला सांगता येईना. मी जिना उतरताना चपला हातात घ्यायला लागलो, त्यांचं दार उघडू नये म्हणून. एकाच इमारतीत राहून दोन महिने मी त्यांची क्षमा मागायला गेलो नाही. म्हातारा जरा जास्तच मनाला लावून घेतो, असंही एकदा सेल्वमला म्हणालो. लाज वाटत असली की माणूस दुसऱ्यावरच चिडतो.

दिवाळीला घरी गेलो. आईने पहिल्याच दिवशी विचारलं, रावांना फराळ काय नेशील? मी तोंड फिरवून म्हटलं, बघू. ती आत गेली आणि देवघरातल्या पोथीखालून तीन पोस्टकार्डं घेऊन आली.

"पोस्टमन वाचून दावतो मला. तुला सांगू नगा म्हणालं हुतं ते, म्हणून म्या गप बसली. पर औंदा तुजं तोंड उतरल्यालं दिसतंया. वाच."

अक्षर एकेक उभं, दाखल्यावरच्यासारखं. दोन कार्डं एकोणीस नोव्हेंबरची होती, लागोपाठच्या दोन वर्षांची. तो माझा खरा वाढदिवस. एकावर आकडा होता दहा हजार दोनशे सत्तावीस, दुसऱ्यावर दहा हजार पाचशे ब्याण्णव. दोन्हींवर खाली, देवळांत अर्चना केली, प्रसाद त्यांच्या दारांत ठेविला. त्या दोन्ही सकाळी दाराशी केळीच्या पानात काहीतरी होतं, हे मला आठवलं. मी ते मामींचं समजून खाल्लं होतं.

तिसरं कार्ड त्यांच्याही आधीचं, एप्रिलमधलं. ते मला पाठ आहे. "अम्मांस नमस्कार. आपले चिरंजीव आज दहा हजार दिवसांचे जाले. येथें पायस केलें. त्यांनी दोन वाट्या घेतल्या. कारण सांगितलें नाही. आपणही सांगूं नये, त्यांस संकोच वाटेल."

आईने ओट्यावर शेंगा सोलताना सगळं सांगितलं होतं. माझा जन्म झाला त्या आठवड्यात साखर कारखान्याचं धुराडं पेटलं होतं, नोव्हेंबरची एकोणीस तारीख, दवाखान्याचा कागद अजून ट्रंकेत आहे. म्हणजे जानेवारीपासून रावांना माहीत होतं. मामींना पाच वर्षं सोडायला तयार नसलेला, त्यासाठी लॉरीच्या रांगेत बादली घेऊन उभा राहणारा हा माणूस, अडीच वर्षांहून जास्त रोज सकाळी फाटकाशी येऊन मला जाणूनबुजून चुकीचा आकडा सांगत होता. एकशे एकाहत्तर दिवस जास्त. का, तर मला खाली बघावं लागू नये. आणि त्या रविवारी स्टेजवर एक वाक्य बोलले असते, मला ठाऊक होतं म्हणून, तर हॉल माझ्यावर हसला असता. ते म्हणाले, चूक माझी आहे.

मी कार्डं पोथीखाली ठेवली आणि मागच्या दारी जाऊन बसलो. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

परतीच्या गाडीत मी तिकिटाच्या मागे एक गणित मांडलं. रविवारी सकाळी उतरलो, बॅग घेऊनच खालचं दार वाजवलं. राव बनियनवर पेपर वाचत होते. आईने दिलेला करंज्यांचा डबा मी पुढे केला आणि काय बोलायचं ते सगळं विसरलो. शेवटी म्हटलं, "राव, आज माझे किती?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "कुठले?"

"खरे."

"दहा हजार नऊशे छत्तीस." मग डब्याकडे बघून म्हणाले, "अम्मांनीं सांगितलें वाटतें."

मी त्यांच्या पायांशी वाकलो तर त्यांनी खांदा धरून खुर्चीत बसवलं. म्हणाले, एक जून म्हणाल्याबरोबर संशय आला होता. चौतीस वर्षं दुसरं काय पाहिलं? मी म्हटलं, मग तेव्हाच धरलं का नाही मला? ते म्हणाले, "दाखला ऑफिसांत मागायचा असतो, मानेराव. शेजाऱ्याकडे नव्हे."

ठोकून का दिलं होतं, ते मी सांगितलं. तुम्ही पत्रिकेला विचारताय असं वाटलं, लग्नाच्या भानगडीला भ्यालो. हे ऐकून राव हसले, चांगले खळखळून हसले. मग चष्मा पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत होते.

मी चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं ते मग विचारलं. तुमचे किती, राव?

त्यांना ठाऊक नव्हतं. आई बाळंतपणात गेली, वडील त्याच वर्षी. कुंभकोणमजवळ मामाच्या घरी वाढले, आणि मामाला तीन सालांपैकी कुठलं ते नक्की सांगता येईना. शाळेत घालताना हेडमास्तरांनी तोंड उघडायला लावून दात पाहिले आणि एक तारीख लिहिली. तीवर नोकरी झाली, तीवर निवृत्त झाले. लग्नाची बोलणी तीन वेळा आली. तिन्ही वेळा मुलीच्या वडिलांनी जातक, म्हणजे पत्रिका, मागितलं. जन्मवेळ नाही, नक्षत्र नाही, जातक कुठून आणणार?

मी म्हटलं, एखादं बनवून घेता आलं असतं.

"जोशी तेंच म्हणाला. पण त्या मुलीला जन्मभर खोटी तारीख कशी देऊं?"

मला कुठे बघावं ते कळेना. जे एका बायकोसाठी त्यांनी केलं नाही, ते दुसऱ्या मजल्यावरच्या एका उर्मट पोरासाठी रोज केलं होतं. मी खिशातून तिकीट काढलं. गादी जिन्यात अडकली त्या रविवारपासून आजपर्यंतचे दिवस मी त्यामागे मोजले होते. त्यांना देण्यासारखा माझ्याकडे तेवढा एकच आकडा होता. कशाचा ते मी सांगितलं नाही. नुसतंच म्हटलं, "पंधराशे चौऱ्याहत्तर."

रावांनी डोळे मिटले नाहीत. अंगठाही हलला नाही.

"पंचाहत्तर," ते म्हणाले. "लीप वर्ष विसरलात."